खाटेएवढा पांढरा पट्टा

हुणसेवाडीत ऊन आधी पत्र्यावर पडतं आणि मग माणसांवर. विणकर गल्लीत भिंतीला भिंत लावून मागाच्या शेडी आहेत, सगळ्यांवर एकसलग पत्रा आणि त्याच्याखाली सकाळपासून खडखडणारे पॉवरलूम. बेळगावहून निपाणीकडे जाणारा हमरस्ता गावाशेजारून उंच भरावावरून जातो. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला गावातलं दुसरं काही दिसो न दिसो, विणकर गल्लीचे पत्रे तेवढे दिसतात. ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती. ती ध्यानात आली आणि गावाचा उन्हाळा नासला.

मंगल त्या गावच्या पंचायतीची अध्यक्ष. अध्यक्षपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा गावातल्या दोन्ही गटांनी तिलाच पसंती दिली आणि दोघांचं कारणही एकच होतं, की ही आपलं ऐकेल. एक गट भरमाण्णांचा. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर, मोटारसायकलवर आणि नोव्हेंबर उजाडला की गळ्यातल्या पंच्यावर कन्नड झेंड्याचा पिवळा-तांबडा रंग असे. दुसरा गट मारुतीरावांचा, गाव महाराष्ट्रात जावं म्हणणारा. त्यांचं सगळं भगवं. सीमाभागात माणूस कुठल्या बाजूचा हे बोलण्यावरून कळत नाही, कारण बोलतात सगळे दोन्ही. भरमाण्णा चिडले की मराठीत चिडत आणि मारुतीराव शिव्या देत त्या कन्नडात. बाजू कळायची ती रंगावरूनच. एरवी दोघं रोज सकाळी एकाच हॉटेलात एकाच बाकावर बसून चहा पीत.

मंगलला रंगाचं फारसं काही नव्हतं. तिची काळजी वेगळी होती. गेल्या वैशाखात तिचा नवरा जोतिराम मागावर घेरी येऊन पडला. हात धावत्या धोट्याच्या वाटेत जाता जाता वाचला. मग पायांवर सूज, जेवणावरून मन उडालेलं. यंदा उन्हाळा लागायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर तेजस्वी यांनी रक्त तपासून घेतलं आणि मंगलला बाजूला बसवून सगळं समजावलं. पत्र्याखालची उष्णता, दिवसभराचा घाम, आणि मागावरून उठावं लागू नये म्हणून पाणीच न पिण्याची सवय, या सगळ्यानं जोतिरामची मूत्रपिंडं थकली होती.

"यंदाचा उन्हाळा असाच काढला," डॉक्टर म्हणाल्या, "तर पुढचा डायलिसिसच्या मशीनवर काढावा लागेल."

खिडक्या उघड्या ठेवा, असंही त्यांनी सांगितलं. पण खिडकी उघडली की कोरडा वारा आत शिरतो, ताण्याचं उभं सूत ठिसूळ होतं आणि पटापट तुटतं. म्हणून गल्लीतला कुठलाच विणकर उन्हाळ्यात खिडकी उघडत नाही. जुनी माणसं सांगत, की पूर्वी इकडच्या हवेत इतकी ओल असे की सूत आपोआप नरम राही. आता फाल्गुनातच हवा भाजायला लागते. जोतिरामचं म्हणणं असं, की सूत तुटलं तर दिवस बुडतो. माणसाचं काय, घेरी येते नि जाते.

अशात वरून योजना आली. उष्णतेपासून बचावाचा आराखडा गावोगावी राबवायचा होता, आणि हुणसेवाडीच्या वाट्याला पत्र्यांना लावायचा पांढरा रंग आला. नागेंद्र हा पंचायतीचा विकास अधिकारी, गावाच्या तोंडी पीडीओ. धारवाडकडचा, नियमाला धरून चालणारा. त्यानं रंगाचे डबे कचेरीत रचून घेतले आणि मंगलला म्हणाला, "अध्यक्षरे, हा रंग ऊन आल्या वाटेनं परत पाठवतो." योजनेबरोबर भित्तिपत्रकंही आली होती. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नये, घरात थांबावं, असं त्यांच्यावर छापलेलं. विणकर त्या वेळी घरातच असत आणि घरातच भाजून निघत. तरीही नागेंद्रनं ती प्रत्येक शेडीच्या दाराला चिकटवली, कारण चिकटवल्याचे फोटो वर पाठवायचे होते. योजनेतून एक तापमापकही मिळाला. तो त्यानं कचेरीच्या ओसरीत टांगला. ओसरीवर भल्या मोठ्या कडुलिंबाची सावली होती, त्यामुळे गावचं तापमान कागदावर नेहमीच बरं येत असे.

मंगलनं बैठक बोलावली तेव्हा तिला वाटलं होतं की चहा होईतो ठराव होईल आणि अक्षयतृतीयेच्या आत जोतिरामच्या डोक्यावरचा पत्रा पांढरा होईल.

"नुसता पांढरा?" भरमाण्णांनी विचारलं.

"पांढरा किंवा फिकट," नागेंद्र म्हणाला. परिपत्रक त्याला तोंडपाठ होतं. त्या दिवशी ते पाठ नसतं तर पुष्कळ बरं झालं असतं.

भरमाण्णांनी 'फिकट' हा शब्द मनात घोळवला. मग म्हणाले, "मंगलाक्का, हायवेवरनं दिसतंय हे सगळं. बघणारा इचारंल, ह्या गावाला राज्य हाय का न्हाय? पांढरं म्हंजे कुणाचं? पांढरं कुणाचंच नसतंय."

एवढी वर्षं करड्या, गंजक्या पत्र्यांकडे पाहून कुणी असं विचारलं नव्हतं. पण प्रश्न एकदा निघाल्यावर तो मारुतीरावांनाही पडला. गल्लीवर पिवळा-तांबडा चढला, तर कोल्हापूरकडून येणारी आपली माणसं गाव हातचं गेलं असं समजतील, असं ते म्हणाले. मग भरमाण्णा मराठीत चिडले आणि मारुतीराव कन्नडात बोलू लागले. चहा गार झाला.

"आण्णा, हा रंग बघायसाठी न्हाय," मंगल मध्येच म्हणाली. "आत बसणाऱ्याला गार वाटावं म्हणून हाय."

दोघांनी तिच्याकडे, लहान मूल मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं तेव्हा बघतात, तसं बघितलं.

"ऊन काय, चार म्हयने," मारुतीराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "रंग बाराई म्हयने ऱ्हातोय, बाई."

शेवटी तोडगा निघाला, तो दोघांनाही सारखाच नापसंत होता, म्हणजे न्याय्य होता. गल्लीच्या वरच्या अर्ध्या पत्र्यांना पिवळा-तांबडा, खालच्या अर्ध्यांना भगवा. सदलग्याहून आलेल्या रंगाऱ्यांनी अडचण काढली की दोन रंग जिथे भेटतील तिथे ओघळ येणार, आणि कुणाचा ओघळ कुणाच्या रंगात गेला यावरून मारामारी झाली तर ती आमच्या अंगावर नको. म्हणून मध्ये एक पट्टा पांढरा ठेवायचं ठरलं. पट्टा किती रुंद असावा यावर पुन्हा वाद झाला, कारण त्याच्यासाठी आपल्या बाजूचा पत्रा सोडायला कुणी तयार नव्हतं. घासाघीस होऊन तो खाटेएवढा उरला.

मंगलला नाही म्हणता आलं असतं. पण तिनं नाही म्हटलं असतं तर दोघांनी मिळून अविश्वासाचा ठराव आणला असता. दोन्ही गटांचं एकमत होईल अशी गावात तेवढी एकच गोष्ट होती. मग रंगही लागला नसता. मुळीच नसण्यापेक्षा थोडा तर थोडा, अशी तिनं मनाची समजूत घातली आणि सही केली. नागेंद्रनं ठरावात फिकट पिवळा, फिकट तांबडा आणि फिकट भगवा असं लिहिलं. प्रत्येक गटानं निपाणीच्या रंगवाल्याकडे आपापला माणूस धाडला. पांढऱ्यात किती रंग मिसळायचा, असं दुकानदारानं विचारलं. त्यांनी किती घेतला, असं त्या माणसानं उलट विचारलं, आणि त्यांच्यापेक्षा गडद कर असं सांगितलं. दुसऱ्यानंही तेच केलं. फिकटपणा काय तो ठरावात राहिला.

जोतिरामची शेड भगव्या भागात येत होती, पांढऱ्या पट्ट्याला अगदी लागून. मंगलनं त्या संध्याकाळी विषय काढला.

"मारुतीरावांस्नी तुमी सांगा की. आपल्या एका घरावर तरी पांढरा लावू द्या म्हनावं. तुमचं ऐकत्यात ते."

जोतिराम धोट्यात सुताची नवी कांडी घालत होता. "म्हंजे अध्यक्षीणबाईचा नवरा फुटला म्हनून गल्लीभर बोभाटा व्हायला."

"डॉक्टरबाई काय म्हनाल्या ते ध्यानात हाय का?"

"त्या बेळगावच्या. त्यास्नी हितलं काय कळतंय?"

"किडनीला भगवं नि पिवळं कळतंय व्हय?"

जोतिरामनं माग चालू केला. माग चालू करणं हे विणकराचं शेवटचं उत्तर असतं. त्याच्यापुढे कुणाचंच काही ऐकू येत नाही.

रंग लागला तेव्हा गल्ली हायवेवरून खरोखरच देखणी दिसू लागली. गाड्या थांबवून लोक फोटो काढू लागले, आणि फोटोत कुठला रंग जास्त आला यावरून दोन्हीकडची पोरं फोनवर भांडू लागली. पत्र्याखाली मात्र काही बदललं नाही. करडा पत्रा जेवढा तापायचा तेवढाच रंगीत पत्रा तापत होता. भगव्या नि तांबड्याखाली कदाचित काकणभर जास्तच. आराखड्यात उन्हाळ्यापुरती ताकाची सोय सांगितली होती, म्हणून गल्लीच्या दोन टोकांना दोन टेबलं लागली. एकावर कन्नडात मज्जिगे मिळे, दुसऱ्यावर मराठीत ताक. दोन्हींकडचं एकाच पातेल्यातलं होतं, नागुबाई रोज सकाळी घुसळून अर्धं इकडे, अर्धं तिकडे पोचवत असे. तरी वरच्या अंगाचे लोक खालच्या ताकाला आंबट म्हणत आणि खालचे लोक वरच्या मज्जिग्याला खारट.

उद्घाटनाला तालुक्याचे मोठे साहेब येणार होते. सकाळची वेळ दिली होती, साहेब उन्हं डोक्यावर आल्यावर आले. गल्लीत मांडव होता तो व्यासपीठापुरता. लोक उन्हात बसले होते आणि 'दुपारी बाहेर पडू नये' हे पत्रक डोक्यावर धरून त्याचीच सावली करत होते. साहेबांनी जगाची हवा कशी बदलते आहे, समुद्र कसे वर येताहेत हे सांगितलं. हुणसेवाडीपासून समुद्र लांब होता, त्यामुळे लोकांना ते ऐकायला बरं वाटलं. साहेबांचा आणखी एक आग्रह होता, की कार्यक्रम चालू असताना माग चालू राहावेत. व्हिडिओत विणकर कामात दिसले पाहिजेत. म्हणून गल्लीतल्या बायकापोरांच्या पुढे भाषणं चालली होती आणि पुरुष बंद खिडक्यांच्या आत विणत होते. डॉक्टर तेजस्वी व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीत बसून दर थोड्या वेळानं घड्याळाकडे बघत होत्या.

मग ड्रोन निघाला. छतावर गावचे पुढारी उभे आहेत आणि हात हलवताहेत, असा फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर हवा होता. शिडी लागली. भरमाण्णा शिडीच्या वरच्या पायरीवर थबकले, खाली वाकले आणि त्यांनी पायताण काढलं. आपल्या झेंड्याच्या रंगावर पायताण घालून कसं उभं राहायचं? खालून टाळ्या पडल्या. मारुतीरावांनी ते बघितलं. त्यांनी आधीच पत्र्यावर एक पाय टाकला होता, तो मागे घेतला, दोन्ही पायताणं काढून कपाळाला लावली आणि खाली एका पोराच्या हातात दिली. त्यांच्या टाळ्या थोड्या जास्त झाल्या.

तापलेला पत्रा लांबून काही सांगत नाही. तो दिसायला गारच दिसतो.

भरमाण्णा तांबड्यावर उभे राहिले, मारुतीराव भगव्यावर. दोघांनी हात वर केले. ड्रोन घोंगावत वर चढला आणि खालून तो चालवणारा म्हणाला की अजून थोडं, साहेब, उजेड नीट येत नाही. मारुतीरावांनी अंगाचा भार डाव्या पायावर घेतला, मग उजव्यावर, मग पुन्हा डाव्यावर. भरमाण्णांचंही तेच चालू झालं. खाली लोकांना वाटलं पुढाऱ्यांना आनंद झालाय. कुणीतरी हलगी आणली. हलगीच्या ठेक्यावर दोघांचे पाय आपोआप पडू लागले. भरमाण्णा एक पाऊल सरकून पिवळ्यावर गेले आणि त्यांना जरा उसंत मिळाली, कारण पिवळा रंग तांबड्याइतकं ऊन गिळत नाही. मारुतीरावांकडे एकच रंग होता. त्यांना सरकायला जागा नव्हती. पण भरमाण्णा उभे असताना आधी उतरायचं कसं? भरमाण्णांनाही तोच प्रश्न होता.

त्याच वेळी व्यासपीठावर मंगलच्या कानाला काहीतरी खटकलं. गल्लीतले सगळे माग खडखडत होते, पण विणकराच्या घरातल्या बाईला आपला माग त्या सगळ्यांतून वेगळा ऐकू येतो. कांडी संपली की माग थांबतो, विणणारा नवी कांडी घालतो आणि माग पुन्हा चालू होतो. तेवढा थांबा तिच्या कानाच्या सवयीचा होता. या वेळी तो थांबा संपेना. साहेब माइकवर तिचंच नाव घेत होते. ती उठली, व्यासपीठावरून उतरली आणि पळत सुटली.

जोतिराम दोन मागांच्या मधे पडला होता. अंग तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे होते, पण ते तिला ओळखत नव्हते. मंगलनं हातानंच खिडक्यांच्या कड्या उपसल्या. वारा आत आला आणि ताण्याची सुतं तटातट तुटू लागली. तिकडे कुणी बघितलं नाही. डॉक्टर तिच्या मागोमाग धावत आल्या होत्या. त्यांनी हौदातलं पाणी त्याच्या अंगावर ओतायला सांगितलं आणि याला गार जागेत न्यायला हवं, आत्ताच्या आत्ता, असं म्हणाल्या. गल्लीत गार जागा एकच होती. साहेबांची गाडी मांडवामागे एसी चालू ठेवून उभी होती, साहेब परत येतील तेव्हा आतून गार असावी म्हणून. डॉक्टरांनी ड्रायव्हरला विचारलं नाही. जोतिरामला मागच्या सीटवर आडवा घातला आणि आरोग्य केंद्राकडे चला म्हणाल्या.

छतावर काय झालं ते मंगलला नंतर कळलं. मारुतीरावांनी मान ताठ ठेवून उड्या मारायला सुरुवात केली होती, आणि त्या उड्यांची दिशा पांढऱ्या पट्ट्याकडे होती. भरमाण्णाही दुसऱ्या बाजूनं तिकडेच निघाले होते. आधी कोण पोचलं यावर गावात अजून एकमत नाही. पट्टा खाटेएवढा. त्यावर पाय टेकवता येत होते, पण दोघांनी उभं राहायचं तर एकमेकांना मिठी मारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यांनी ती मारली, आणि घट्ट मारली, कारण बाजूला पाऊल टाकायची कुणाची हिंमत नव्हती. ड्रोननं नेमका तोच फोटो घेतला. साहेबांचे डोळे भरून आले. सीमाभागात असं दृश्य आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत, असं ते माइकवर म्हणाले, आणि मग आपली गाडी शोधू लागले.

आरोग्य केंद्रातल्या खोलीत तीन खाटा होत्या आणि पंखा एक. मधल्या खाटेवर जोतिराम, हाताला सलाइन. एका बाजूला भरमाण्णा, दुसऱ्या बाजूला मारुतीराव, दोघांच्या तळपायांना फोड येऊन पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या. चालायला डॉक्टरांनी मनाई केली होती. रोज एका बाकावर चहा पिणारी ही दोन माणसं आता एकमेकांकडे पाठ करून पडली होती. जोतिराम संध्याकाळी शुद्धीवर आला. डॉक्टर मंगलला म्हणाल्या की यातून निभावला, पण पुन्हा असं झालं तर मला शब्द देता येणार नाही. मंगलनं मान डोलावली. त्या पट्ट्या बांधलेल्या पायांकडे ती बराच वेळ बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मारुतीरावांना मलमपट्टीला पलीकडच्या खोलीत नेलं, तशी ती भरमाण्णांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली.

"आण्णा, एक इचारायचं होतं. मारुतीरावांचा भगवा पांढरा करून टाकावा म्हनते."

भरमाण्णा कोपरावर उठून बसले. "कवा?"

"तुमी व्हय म्हनला तर उद्याच. पर गल्ली सगळी एकसारखी करावी लागंल. तुमचा बी झाकावा लागंल."

भरमाण्णांनी विचार केला. "झाकायचा न्हवं? खरडायचा न्हाय?"

"खरडायचा कशाला? वरनं एक हात मारायचा."

"मग आमचा आतनं ऱ्हातोय की," भरमाण्णा म्हणाले. "आणि त्यांचा?"

"त्यांचा बी आतनं ऱ्हाईल. पर वरनं दिसणार न्हाय."

"दिसणार न्हाय म्हंजे गेलाच." भरमाण्णा उशीवर समाधानानं टेकले. "माझी हरकत न्हाय. फकस्त आधी त्यांचा घालवा."

मग भरमाण्णांची मलमपट्टीची पाळी आली आणि मारुतीराव परत आले. मंगलनं स्टूल दुसऱ्या खाटेजवळ नेलं. बोलणं तेच झालं, फक्त रंगांच्या जागा बदलल्या. आपला भगवा आत सुरक्षित राहील आणि त्यांचा पिवळा-तांबडा पुसला जाईल, हे मारुतीरावांना भरमाण्णांपेक्षाही लवकर उमगलं. अटही तीच घातली, की आधी त्यांचा.

संध्याकाळी त्या दोघांना वाऱ्याला ओसरीवर नेलं आणि खोलीत नवराबायकोच उरली, तेव्हा जोतिरामनं डोळे उघडले.

"सगळं ऐकलोय मी."

"ऐकलासा न्हवं? मग तुमचं काय म्हननं?"

मंगलनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "मला रंगाचं काय बी सांगू नकासा," ती हळू म्हणाली. "लोकांत मान जाईल, अध्यक्षपद जाईल, जाऊ दे. पुढल्या उन्हाळ्यात तुमाला मशीनवर न्यायाला बेळगावची बस धरायची न्हाय मला."

"आपल्या घरावरचा शेवटाला झाका," जोतिराम म्हणाला.

"बरं," मंगल म्हणाली. त्यांची शेड पांढऱ्या पट्ट्याला लागून होती आणि ब्रश पहिल्यांदा तिथेच पडणार होता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

आधी कुणाचा हा प्रश्न तसा अवघड होता. मंगलनं दोन रंगारी पट्ट्याच्या दोन कडांवर पाठीला पाठ लावून बसवले आणि एकाच वेळी सुरुवात करायला सांगितली. पट्टा दोन्ही बाजूंना सारखा रुंद होत गेला. पहिल्या दुपारपर्यंत तो शेडीएवढा झाला, मग घराएवढा, आणि दोन्हीकडची पोरं हायवेवर उभी राहून समोरच्या बाजूचा रंग कमी होताना मोबाइलवर टिपत राहिली. आपल्या बाजूकडे कुणी मोबाइल वळवला नाही. दुसऱ्या हातासाठी ठेवलेले पांढरे डबे कमी पडले तेव्हा मंगलनं कचेरीच्या गच्चीसाठी राखलेले काढून दिले. नागेंद्र दोन दिवस कागदावर काय लिहावं या विवंचनेत होता. मग त्याला सुचलं. पहिला रंगीत हात हा अस्तराचा होता, असं त्यानं लिहून टाकलं. वरून शेरा आला, की अस्तर वापरण्याची कल्पना स्तुत्य आहे.

पत्र्याखाली खरोखर फरक पडला. फार नव्हे. दुपारी अजूनही घाम निघे, पण श्वास कोंडत नसे आणि हात पत्र्याखाली वर धरला तर भट्टीच्या तोंडाशी धरल्यासारखं वाटत नसे. जोतिराम घरी आल्यावर काही दिवस मागाकडे नुसता बघत बसला. मग त्यानं खिडक्या उघडल्या आणि त्यांवर ओली गोणपाटं टांगली. वारा ओला होऊन आत यावा म्हणून, असं त्यानं सांगितलं, सुतासाठी. स्वतःसाठी असं तो म्हणाला नाही आणि मंगलनं विचारलं नाही. पावसाच्या तोंडावर रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाल्या, सुधारलेलं नाही, पण बिघडलेलंही नाही. या आजारात हे चांगलं.

साहेबांच्या अहवालाच्या पहिल्या पानावर तो मिठीचा फोटो लागला. हुणसेवाडीचा नमुना इतर गावांनी घ्यावा असं ठरलं, आणि नमुना नागेंद्रच्या कागदावरूनच उचलला गेल्यामुळे त्यात लिहिलं गेलं की पत्र्यांना आधी एक हात स्थानिक रंगाचा द्यावा आणि मग त्यावर पांढरा. दिवाळीनंतर शेजारच्या गावाचे पंच ते बघायला आले. भरमाण्णांनी त्यांना वरच्या अंगाला नेलं आणि गारव्याचं रहस्य सांगितलं. अस्तर पिवळं-तांबडं आहे, म्हणून पांढरा असा काम करतो. नंतर पंच खालच्या अंगाला जोतिरामच्या शेडीत आले. मारुतीराव त्यांच्याबरोबर होते, पण त्यांनी जोतिरामलाच बोलायला लावलं, कारण तो अनुभवी.

जोतिरामनं माग थांबवला. पंचांपैकी एकानं पत्र्याखाली हात धरून बघितला आणि मान डोलावली.

"खाली भगवा हाय," जोतिराम म्हणाला. "म्हनून गार लागतंय. वरचा पांढरा नुसता दाखवायला."

मारुतीराव प्रसन्न झाले. पंचांनी हे लिहून घेतलं. दारात उभ्या असलेल्या मंगलच्या तोंडापर्यंत बरंच काही आलं होतं. शाळेत शिकलेलं, डॉक्टरांकडून ऐकलेलं, छतावरून खाली आलेल्या पायांवर बघितलेलं. तिनं जोतिरामकडे बघितलं. त्याच्या पायांवर सूज नव्हती आणि कपाळावर घाम होता, आता पुन्हा येऊ लागला होता तसा, चांगला घाम.

"सांगा, खुशाल सांगा," ती म्हणाली आणि तांब्या त्याच्यापुढे धरला. "पर आधी हे पानी प्या."

पंच बघत असताना जोतिरामनं सगळा तांब्या रिकामा केला.